‘५० हजाराच्या खाली कलर नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या लाईनीतल्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आणि यंदा तर तो लैच फिरायलाय. जालन्यात मला तिघांनी पाठवला, एकदा परभणीहून आला, आणि परवा अंबडच्या एका नवीन पोरानं तो वाचून घाबरून फोनच केला, म्हणे दादा माझ्याकडं सगळे मिळून १५ हजार आहेत, मग मी हे काम सोडून देऊ का? मेसेज थोडक्यात असा आहे: कलरचं काम करायचं तर ५० हजाराच्या खालचा मॉनिटर घेऊच नका, ४के नसेल तर कलर खरे दिसतच नाहीत, बजेट नसेल तर निदान बॉक्सवर एचडीआर (जास्त लख्ख उजेड आणि गडद काळा दाखवायची सोय) आणि शंभर कोटी कलर लिहिलेला घ्या, ब्राइटनेस फुल ठेवा, कॅलिब्रेटर (पडद्याचे कलर मापायचं यंत्र) म्हणजे पैसे पाण्यात, आणि शेवटी फोटो मोबाईलवर बघून घेतला की काम झालं.

मी १२ वर्षं झाली लग्नाचे अल्बम डिझाईन करतो, मधल्या काळात फ्लेक्स, पत्रिका, साडीच्या दुकानाचे कॅटलॉग सगळं केलंय. त्या मेसेजमधल्या एकेका गोष्टीचं उत्तर द्यायचंच ठरवलंय, कारण हे वाचून पोरं एकतर कर्ज काढायलेत नाहीतर धंदाच सोडायलेत.

पहिलं ५० हजाराचं बघू. कलर बरोबर म्हणजे काय, तर फाईलमधी जो आकडा लिहिलाय तोच कलर पडद्यावर दिसला पाहिजे. त्यासाठी एक ठरलेलं माप लागतं आणि आपल्या कामात ते माप म्हणजे एसआरजीबी. १९९६ ला एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनी मिळून ते काढलं, १९९९ ला ते आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं. अल्बम छापणाऱ्या बहुतेक लॅब तुमच्याकडून एसआरजीबी जेपेगच मागतात, नेटवर फोटो टाकला तरी तेच चालतं. म्हणजे तुमच्या मॉनिटरला एसआरजीबी पूर्ण दाखवता आलं आणि नीट जागच्या जागी दाखवता आलं तर ९० टक्के लोकांचं काम तिथंच भागतं. आणि हे आता महाग राहिलेलं नाही. आसुसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही घ्या, २४.१ इंच, आयपीएस पॅनल (म्हणजे बाजूनं बघितलं तरी कलर फारसा बदलत नाही), १०० टक्के एसआरजीबी, कंपनीतूनच डेल्टा ई २ च्या आत सेट होऊन येतो, आणि तो ५० हजाराच्या निम्म्यातही मिळतो. डेल्टा ई म्हणजे जो कलर पाहिजे आणि जो दिसतो त्यातलं अंतर, १ च्या आसपास डोळ्याला जेमतेम कळतं, ३ च्या वर गेलं की शेजारी शेजारी ठेवल्यावर कुणालाही कळतं.

मग जास्तीच्या पैशात काय मिळतं? मिळतं, नाही असं नाही. अ‍ॅडोबी आरजीबी किंवा पी३ या एसआरजीबीपेक्षा मोठ्या मापांएवढी रेंज मिळते, चारी कोपरे एकसारखे उजळतात, कॅलिब्रेशन मॉनिटरच्या आतच साठवता येतं. ज्याच्या घरी चांगला इंकजेट प्रिंटर आहे, जो ऑफसेटचं भारी काम करतो, त्यानं जरूर घ्यावा. छपाईतला शुद्ध सायन एसआरजीबीत पूर्ण बसत नाही, आपला मोरपंखी तर त्याच बाजूचा कलर आहे, त्यामुळं मोरपंखी पैठणी एसआरजीबी पडद्यावर थोडी मरगळलेली दिसते हे मी मान्य करतो. पण ज्याची फाईल शेवटी लॅबला एसआरजीबीतच जाणार आहे त्यानं त्या जास्तीच्या रेंजसाठी ३० हजार जास्त का मोजायचे? उलट मोठ्या रेंजच्या मॉनिटरवर एसआरजीबी मोड लावला नाही आणि सॉफ्टवेअर कलर मॅनेजमेंट (फाईलचा कलर मॉनिटरप्रमाणे जुळवून दाखवणं) करत नसलं तर हळदीचा पिवळा अंगावर येईल इतका भडक दिसतो, आणि मग माणूस तो कमी करत बसतो आणि छापून येतो फिक्का.

४के चं उत्तर एका वाक्यात होतं: पिक्सेल किती आहेत याचा कलर बरोबर असण्याशी काही संबंध नाही. अक्षरं बारीक आणि रेखीव दिसतात, केसांची कटिंग करायला बरं पडतं, बस. २४ इंचात फुल एचडी असला तर काम आरामात होतं, २७ इंच घ्यायचा असंल तर मात्र १४४०पी (फुल एचडीपेक्षा जास्त पिक्सेलचा) बघा, कारण २७ इंचात फुल एचडीचे दाणे दिसतात.

आता बॉक्सवरच्या लिखाणाचं. इथं मला खरंच राग येतो कारण इथंच गरीब माणूस फसतो. एचडीआर ४०० असं लिहिलेलं असतं, त्यासाठी ४०० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड लागतो पण लोकल डिमिंग, म्हणजे पडद्याच्या काळ्या भागापुरता उजेड कमी करणं, लागत नाही, म्हणजे काळा काही जास्त गडद होत नाही, आणि अल्बमच्या कामात त्याचा कवडीचा उपयोग नाही. शंभर कोटी कलर म्हणजे १० बिट (बिट जितके जास्त तितक्या शेड जास्त), तेही बऱ्याचदा ८ बिट पॅनलवर भराभर दोन शेड आलटून पालटून दाखवून केलेलं असतं. ८ बिटातच १ कोटी ६७ लाख कलर होतात, जेपेग तर ८ बिटच असतं, तेवढं खूप झालं. आणि सगळ्यात जास्त फसवणारा आकडा म्हणजे एनटीएससी. हे अमेरिकेतलं १९५३ चं कलर टीव्हीचं माप आहे, आज त्या मापात कुणीच काम करत नाही, तरी कंपन्या अजून छापतात. ७२ टक्के एनटीएससी वाचून लोकांना वाटतं २८ टक्के कमी पडले, तर तसं नाही, ७२ टक्के एनटीएससी आकारानं साधारण १०० टक्के एसआरजीबी एवढंच होतं. पण आकारानं एवढंच म्हणजे जागाही तीच असं नाही. तुमचं वावर आणि शेजाऱ्याचं वावर दोन्ही ५ एकर असलं म्हणून ते एकच वावर होत नाही ना, तसंच. त्यामुळं स्पष्ट ९९ किंवा १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं असंल तरच धरा. आणि ४५ टक्के एनटीएससी दिसलं की पान उलटा, ते एसआरजीबीच्या दोन तृतीयांशालाही पुरत नाही. स्वस्त लॅपटॉपात हाच पडदा असतो आणि आपल्याकडची निम्मी पोरं त्याच लॅपटॉपवर नवरीच्या साडीचा कलर ठरवायलेत.

ब्राइटनेस फुल ठेवा, हे तर लिहिणाऱ्यानं एकही अल्बम छापून बघितलेला नाही असं मला वाटतं. माझ्याबरोबर काय झालं ते सांगतो. सुरुवातीला माझ्याकडं एक मॉनिटर होता, दुकानदारानं लावून दिला तसाच फुल ब्राइटनेसवर, कूल मोडवर चालायचा, मला तोच झकास वाटायचा. एका लग्नात नवरीची पैठणी राणी कलरची होती. माझ्या पडद्यावर ती जांभळी जांभळी दिसायली म्हणून मी निळा ओढून कमी केला, लाल वाढवला, आणि सगळं लख्ख दिसत होतं म्हणून उजेडाला हातच लावला नाही. अल्बम छापून आला तर पैठणी कुंकवासारखी लाल, सगळ्यांचे चेहरे तांबूस, आणि मांडवातले फोटो अंधारात काढल्यासारखे. नवरीच्या आईनं खरी साडी आणून अल्बमच्या पानावर ठेवली, पदराचा काठ फोटोच्या काठाला लावला, आणि म्हणल्या, ‘दादा, ही साडी आमची नाही.’ त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळी पानं माझ्या पैशानं परत छापून दिली.

नंतर मापून बघितलं तर तो मॉनिटर जवळपास २७० निट्सवर आणि पांढरा ८००० केल्विनच्या वर (हा आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर) चालत होता. छपाईसाठी काम करताना १०० ते १२० निट्स आणि पांढरा ६५०० केल्विन धरायचा असतो. पडदा निळा असला की माणूस फाईल तांबडी करतो, पडदा जास्त उजळ असला की फाईल अंधारी ठेवतो, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो त्यामुळं सगळं उघडं पडतं. मापायला काही नसंल तर निदान एवढं करा: पांढरा कागद मॉनिटरच्या शेजारी खोलीच्या उजेडात धरा, पडद्यावर पांढरं पान उघडा, आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. सुरुवातीला दोन दिवस अंधारल्यासारखं वाटतं, मग डोळा बसतो.

आणि खोलीबद्दल मेसेजमधी चकार शब्द नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी पडदे ओढून काम, संध्याकाळी ऊन उतरलं की खिडकी उघडायची, म्हणजे एकाच फोटोवर दोन वेगळ्या उजेडात काम होतं. अंबडच्या पोरानं त्याच्या खोलीचा फोटो पाठवला तर मागची भिंत पोपटी. त्या भिंतीचा हिरवट उजेड पडद्यावरही पडतो आणि डोळ्यातही जातो, मग तो बसतो चेहऱ्यात गुलाबी वाढवत.

कॅलिब्रेटर म्हणजे पैसे पाण्यात, डोळ्यानं जुळवा. नाही जुळत वो डोळ्यानं. आपला डोळा सवय करून घेतो, पिवळ्या बल्बखालीही पांढरा शर्ट पांढराच वाटतो आणि उन्हातही पांढराच वाटतो, मांडवात हॅलोजनखाली काढलेला फोटो बघून कळतं की तिथं किती पिवळं होतं. जो डोळा पाच मिनिटात सवय करून घेतो तो माप कसा होणार? कॅलिब्रेटर पडद्याला लावला की तो एकेक कलर बघतो, किती चुकतोय ते मोजतो आणि त्या मॉनिटरचं प्रोफाईल बनवतो. ते प्रोफाईल त्याच एका पीसचं असतं, म्हणून नेटवरून दुसऱ्या कुणाचं प्रोफाईल उतरवून टाकू नका, मॉडेल तेच असलं तरी पॅनल वेगळं निघतं. आता खर्च. हे यंत्र एका साध्या मॉनिटरएवढं महाग पडतं, एकट्याला परवडत नाही हे खरं. पण ते रोज लागत नाही, महिन्या दोन महिन्यातून एकदा अर्धा तास लागतं. आम्ही जालन्यातल्या पाच जणांनी वर्गणी काढून एक घेतला, ज्याचा नंबर येईल तो घेऊन जातो. सोबतचं सॉफ्टवेअर नको असंल तर डिस्प्लेकॅल फुकट आहे आणि चांगलं आहे. फक्त दोन गोष्टी पाळा. नाईट लाईट (रात्री पडदा पिवळसर करणारं सेटिंग) बंद करा, आणि मॉनिटर चालू करून अर्धा तास झाल्यावरच मापा. आपल्याकडं लाईट जाते येते, तर लाईट आल्या आल्या चेहऱ्याच्या कलरला हात लावू नका, तोवर पानांची मांडणी करा.

राहिलं मोबाईलचं. आजकालच्या बऱ्याच फोनमधी व्हिव्हिड मोड आधीपासूनच चालू असतो, तो कलर मुद्दाम भडक करतो, वर डोळ्यांसाठी पिवळा फिल्टर लावलेला असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर फोटो दाबून बारीक होतो. पार्टी मोबाईलवर बघणार आहे म्हणून तुम्हीही बघा, पण त्यावर बघून फाईल दुरुस्त करू नका, कारण नवरीच्या मामाचा फोन वेगळा आणि मावशीचा वेगळा, कुणाकुणाचं ऐकणार? आणि पैठणीची तर अजून एक गंमत आहे जी कुठलाच पडदा सोडवू शकत नाही. धूपछाव पैठणीत उभा धागा एका कलरचा आणि आडवा दुसऱ्या कलरचा असतो, नवरी वळली की साडीचा कलर बदलतो, एका फोटोत हिरवी आणि पुढच्या फोटोत जांभळी. तिथं मी पार्टीकडूनच साडी मागवून घेतो, निदान ब्लाउजचा उरलेला तुकडा, आणि खिडकीशी धरून बघतो की कुठला कलर त्यांना आपला वाटतो.

अंबडच्या पोराला मी हे सांगितलंय: १५ हजारात २४ इंची आयपीएस मिळतो, ९९ टक्के एसआरजीबी लिहिलेला बघ, टीएन पॅनल फुकट दिलं तरी घेऊ नको कारण मान हलवली की कलर बदलतो. दुकानात जाताना पेनड्राईव्हमधी तीन फोटो ने, एक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू जाणारी राखाडी पट्टी, एक चेहरा ज्याची प्रिंट तुझ्या हातात आहे, आणि एक नुसतं राखाडी पान. मॉनिटर आधी एसआरजीबी नाहीतर स्टँडर्ड मोडवर आण. पट्टीत मधेच गुलाबी हिरवट ठिगळं दिसली तर नको. राखाडी पानात कोपरे पिवळे दिसले तर दुसरा पीस उघडायला लाव, लाजू नको. एचडीएमआयनं जोडल्यावर काळं राखाडी दिसायलं तर मॉनिटरला दोष देण्याआधी सेटिंगमधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची रेंज फुल आहे का ते बघ. कॅलिब्रेटर मी रविवारी घेऊन येतो, तोपर्यंत त्या पोपटी भिंतीवर पांढरा हात मारून ठेव.