पिवळ्या चिठ्ठ्यांचं अनुष्ठान

वर्षभरात तुमच्या कंपनीत कोणाला काही सुचलं नसेल, तर मुहूर्त चुकला असं समजा. ब्रेनस्टॉर्मिंगसाठी, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून कल्पना काढायच्या अनुष्ठानासाठी, शुक्रवारची दुपार धरा. जेवणात पनीर आणि गुलाबजाम ठेवा, म्हणजे तीनच्या सुमाराला सगळी मंडळी सर्जनशीलतेच्या, निदान डुलकीच्या तरी, काठावर येऊन बसतील.

जागा लोणावळ्याला घ्या, नाहीतर मुळशीला. ज्या मशीनचा आणि ज्या गिऱ्हाइकाचा विचार करायचा, ती दोन्ही शक्यतो नजरेआड हवीत. समोर असली की नसत्या शंका येतात. बाहेरून एक गुरुजी बोलवावेत. ते आधी सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावतील, मग सांगतील, "इथे कुठलीच आयडिया वाईट नसते." यावर पहिली आयडिया साहेबांनी सांगायची. मग ती इतरांनाही सुचते.

या विधीचं शास्त्र लिहिलं अॅलेक्स ऑस्बर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने. टीका करू नका, भरपूर सुचवा, दुसऱ्याच्या कल्पनेला फांद्या फोडा, असे त्याचे नियम. १९५३ मध्ये त्यावर त्याचं जाडजूड पुस्तक आलं. पाचच वर्षांनी येल विद्यापीठातल्या मंडळींनी चार जणांचे गट एकीकडे आणि एकेकटी बसवलेली चार माणसं दुसरीकडे, अशी तुलना केली. एकेकट्यांच्या कल्पनांची बेरीज सरस निघाली. (ऑस्बर्ननेही एकट्याने विचार करायला मनाई केली नव्हती, पण एवढं वाचतो कोण?) ही गोष्ट गुरुजींना सांगू नका. त्यांचे पैसे आगाऊ दिलेले असतात.

आता सामग्री. पिवळ्या चिकटचिठ्ठ्या हव्यातच, त्यांच्याशिवाय नावीन्य प्रसन्न होत नाही. फक्त त्यांच्या जन्माची कथा त्या दिवशी कोणी काढू नये. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर घट्ट गोंद बनवायला बसला आणि १९६८ मध्ये त्याच्या हाती लागला तो धड न चिकटणारा गोंद. तो घेऊन हा गृहस्थ कंपनीत वर्षानुवर्षं लोकांना सांगत फिरला, कोणाला त्याचं काय करायचं ते कळेना. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतला आर्ट फ्राय चर्चमध्ये गायला उभा राहायचा तेव्हा त्याच्या भजनाच्या पुस्तकात खुणेला घातलेले कपटे खाली पडायचे. वैतागलेल्या फ्रायला तो लेचापेचा गोंद आठवला. रंग पिवळा का? तर शेजारच्या प्रयोगशाळेत पिवळ्या कागदाचे उरलेले तुकडे पडले होते. १९७७ मध्ये माल चार शहरांत विकून पाहिला, फारसा खपला नाही. मग फुकट वाटला, लोकांना चटक लागली, आणि १९८० मध्ये तो अमेरिकाभर दुकानांत आला. बारा वर्षं! तुमचं सत्र पाच वाजता संपवून बस सोडायची असते, इतका वेळ कोणाला आहे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरणही टाळलेलं बरं. लोखंडी नांगर काढला, तर लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घेईनात. अशा वेळी 'ग्राहकाची मानसिकता' यावर चाळीस स्लाइड करायच्या, तर हे त्यांची समजूत घालत बसले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला. चिठ्ठी एक नाही.

एवढं करून चुकून खरंच कोणाला काही सुचलं, तर कोडॅकचा आदर्श ठेवा. त्यांच्या स्टीव्ह सॅसनने १९७५ मध्ये फिल्मशिवाय चालणारा डिजिटल कॅमेरा करून दाखवला. फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागायची. साहेबांनी पाहिला, पण कंपनीचं पोट भरत होतं फिल्मवर. पुढे कित्येक वर्षं त्यांनी फिल्मची मर्यादा सांभाळली आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

मी अशा एका अनुष्ठानाला हजर होतो. काचेवर दोनशेच्या वर चिठ्ठ्या लागल्या होत्या. 'सिनर्जी', 'ग्राहक = देव', एकीवर नुसतंच 'एआय?'. वरून एसीचा झोत. चार वाजेपर्यंत निम्म्या चिठ्ठ्या जमिनीवर. चहाचं बघायला ऑफिसातून आणलेल्या मामांनी त्या गोळा केल्या आणि विचारलं, "साहेब, यातलं ठेवायचं काय?"

कोणी बोललं नाही.

आता हे मामा म्हणजे असे की, एरवी आमच्या गोडाऊनमध्ये नाशिकचे खोके नगरच्या गाडीत चढायचे, दर आठवड्याला बोंब. मामांनी कधीतरी नाशिकच्या खोक्यांना लाल सुतळी बांधायला सुरुवात केली, नगरच्या खोक्यांना हिरवी. बोंब थांबली. ती का थांबली, हा प्रश्न आमच्या एकाही सत्रात आला नाही. मार्चमध्ये साहेबांच्या अहवालात 'रंगाधारित वितरण प्रणाली' असं एक पान आलं. त्यावर बाणांचं सुरेख चित्र होतं आणि अनुष्ठानाचं फलित म्हणून ते डायरेक्टरांना दाखवण्यात आलं. टाळ्या झाल्या.

एप्रिलमध्ये लाल सुतळी संपली. मामा पैसे मागायला अकाउंट्समध्ये गेले. तिथे त्यांना तीन दुकानांची कोटेशन्स आणायला सांगितली.