चड्डीत साफसफाई केली म्हणून रेडिएशन खोटं ठरत नाही

परवा धाकट्या भावाने एक फॉरवर्ड पाठवला, खाली तीन हसरे इमोजी. चड्डीतले उघडेबंब अमेरिकन सैनिक बेटावर माती उपसतायत असा फोटो, आणि त्याखाली: "एनेवेटाकला ४ हजार सैनिकांनी अणुचाचण्यांची माती अशीच साफ केली, अंगावरचे रेडिएशन मोजणारे बॅज कोरे निघाले, कुणाला काही झालं नाही, रेडिएशनची भीती हा धंदा आहे." मग खाली आणखी चार मुद्दे. एरवी मी डिलीट करून मोकळा झालो असतो, पण हा पठ्ठ्या सध्या इंडस्ट्रियल रेडिओग्राफी (किरणांनी धातूच्या आतले दोष तपासायचं काम) शिकतोय, रोज गॅमा किरण सोडणाऱ्या सोर्सजवळ असतो. त्यामुळे डोकं फिरलं.

आधी तो चड्डीवाला मुद्दा, कारण सगळा खेळ त्याचाच आहे. फोटोतली गोष्ट खरी आहे. मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर १९४८ ते १९५८ मध्ये अमेरिकेने ४३ चाचण्या केल्या, आणि १९७७ ते १९८० मध्ये सुमारे ४ हजार सैनिक ती घाण काढत होते, त्यातले बरेच उकाड्यात मास्कशिवाय. बाहेरून अंगावर पडणारा गॅमाचा डोस तोवर बऱ्यापैकी कमी झाला होता, हेही मान्य, नाइलाजाने. पण तिथली भानगड प्लुटोनियमची होती! रुनित बेटावर १९५८ मध्ये क्विन्स नावाचा स्फोट फसला, अणुस्फोट झालाच नाही आणि प्लुटोनियम नुसतंच आसपास विखुरलं. त्याचे अल्फा कण साध्या कागदाने अडतात, कातडीतूनही आत जात नाहीत, म्हणून उघड्या पाठीचा फोटो बघून काहीच कळत नाही. धूळ नाकातून फुप्फुसात गेली की मात्र तिथे कागद नसतो, काही भाग पुढे हाडात आणि यकृतात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. आणि छातीवरचा बॅज मोजतो बाहेरून आलेला गॅमा-बीटा, फुप्फुसात काय गेलं ते त्याला कुठून दिसणार? कोरा बॅज दाखवून "काही झालं नाही" म्हणणं म्हणजे ताप नाही म्हणून हाड मोडलेलं नाही असं सांगण्यासारखं आहे.

"कुणाला काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचा माजी सैनिकांसाठीचा २०२२ चा पॅक्ट कायदा बघावा. १ जानेवारी १९७७ ते ३१ डिसेंबर १९८० या काळात एनेवेटाकच्या साफसफाईत असलेल्यांना त्यात रेडिएशनचा धोका पत्करलेले सैनिक म्हणून धरलंय, ठरावीक कॅन्सर झाला तर तो त्या कामामुळेच असं गृहीत धरून. तेही चाळीसएक वर्षं भांडल्यावर. हा बहुतेक त्या सरकारचा धंदाच असावा, नाही का.

मुद्दा दोन, "बिकिनीत जहाजं साबणाने धुऊन स्वच्छ केली." उलट झालं. मार्शल बेटांतल्याच बिकिनीवर १९४६ च्या बेकर अणुचाचणीत किरणोत्सारी पाण्याचा डोंगर तिथे उभ्या जहाजांवर कोसळला, खलाशी ब्रश, साबण, कॉस्टिक घेऊन डेक घासत राहिले, पण किरणोत्सारी घाण रंगात, गंजात, लाकडात मुरलेली. रेडिएशन सेफ्टीचे प्रमुख स्टॅफर्ड वॉरन यांनी शेवटी चाचण्यांचे प्रमुख ॲडमिरल ब्लँडींना एक फोटो दाखवला, मासा फिल्मवर ठेवला होता आणि बाहेरून एक्स-रे न टाकता त्याची आकृती फिल्मवर आपोआप उमटली होती. १० ऑगस्टला काम बंद. धुतल्याने रेडिएशन मरत नाही, घाण इथली तिथे जाते एवढंच.

तीन, "काँक्रीटच्या घुमटाने कायमचं सील केलं." रुनितवर कॅक्टस चाचणीच्या खड्ड्यात माती भरून वर ४६ सेंटीमीटर जाड झाकण टाकलंय, पण खड्ड्याला खाली अस्तरच नाही, भरती-ओहोटीबरोबर पाणी आत-बाहेर करतं. आणि घुमटाबाहेर, लगूनच्या (बेटांच्या कड्याने वेढलेल्या उथळ समुद्राच्या) गाळात, आतल्यापेक्षा जास्त प्लुटोनियम आहे. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, २४ हजार वर्षं. कायमचं म्हणे!

चार, "आयोडीनची गोळी घेतली की रेडिएशनपासून बचाव होतो." ती फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवते, पुढे बोलायलाच नको.

पाचवा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे: "कपडे काढून अंघोळ केली की ९० टक्के काम होतं." कपड्यांचा बाहेरचा थर काढल्याने ९० टक्क्यांपर्यंत घाण निघू शकते, हे अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसीही सांगते. पण कपडे झटकायचे नाहीत, गुंडाळत काढून पिशवीत बंद करायचे, कोमट पाणी आणि साबण, खसाखसा घासायचं नाही कारण सोललेल्या कातडीतून आत जातं, आणि केसांना कंडिशनर नको, कण चिकटून राहतात. हे सगळं अंगावरच्या धुळीसाठी, श्वासातून गेलेल्या धुळीला अंघोळ कशी घालणार?

भावाला हे सगळं लिहून पाठवलं तर त्याचं उत्तर: "मग बॅज कशाला लावायचा, तूच म्हणतोस त्याला दिसत नाही!" अरे बाबा, तुझ्या रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यात (सोर्स ठेवायच्या डब्यात) इरिडियम आहे, सीलबंद. त्याचा गॅमा बाहेरूनच येतो आणि तो बॅजला बरोबर दिसतो. तू गेल्या आठवड्यात पाठवलेल्या फोटोत तुझा बॅज मागे लॉकरच्या दारावर लटकतोय, झूम करून बघितलाय मी.