जाड आजीही कुपोषित असू शकते

आपल्याकडे कुपोषण म्हटलं की मेळघाटातलं मूल आणि लठ्ठपणा म्हटलं की शहरातली ढेरी. गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण दोन्हीकडे होत नाही. २०१७-१८ च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठीपुढचे सुमारे २७ टक्के लोक कमी वजनाचे, तर सुमारे २२ टक्के जास्त वजनाचे निघाले. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तेल १० टक्के कमी करा म्हणून सांगितलं. जाड माणसाला हा सल्ला ठीक आहे, पण ४० किलोंच्या बाईला तेल वाढवायलाच सांगायला हवं.

इथे ब्रिटनमध्ये कुपोषणाचा धोका ओळखायला २००३ पासून 'मस्ट' नावाची गुणपद्धत वापरतात. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २० च्या वर असेल तर शून्य, १८.५ ते २० असेल तर एक, त्याखाली दोन. गेल्या तीन ते सहा महिन्यांत, ठरवून नव्हे तर आपोआप, वजन ५ ते १० टक्के घटलं असेल तर आणखी एक, १० च्या वर घटलं तर दोन. बेरीज दोन झाली की धोका मोठा.

आता दीडशे सेंटिमीटर उंचीची, ७० किलोंची आजी घ्या. सहा महिन्यांत ती ६२ वर आली. बीएमआय अजून २७ च्या वर, त्यामुळे घरचे खूश: 'बरं झालं, बारीक झाली.' पण वजन ११ टक्के घटलंय, म्हणजे गुण दोन. चरबीबरोबर स्नायूही गेले आणि खुर्चीतून उठताना हात टेकावे लागायला लागले. दुसरी चूक पाठीच्या बाकाने होते. ४४ किलोंच्या बाईची उंची १५० ऐवजी १४५ भरली, तर बीएमआय १९.६ चा २०.९ होतो आणि तिचा एक गुण गायब. म्हणून बाक आलेल्यांची उंची कोपर ते मनगट या हाडाच्या लांबीवरून काढतात.

कागद उत्तम, पण ब्रिटनच्या खेड्यांत तो भरायला माणूस दारात येतोच असं नाही. घरपोच जेवण देणं स्थानिक परिषदांना कायद्याने बंधनकारक नाही, आणि अनेकांनी ते बंद केलंय. आपल्याकडे आशाताई दारात येते. तिच्या तपासणी अर्जात कंबरेचा घेर आहे, वजन घटल्याचा प्रश्नही आहे, पण तो क्षयरोगाच्या संशयासाठी! अंगणवाडीत वजनकाटा आहेच. गरोदर बाई त्यावर उभी राहते, तिची सासू का नाही? दर तीन महिन्यांनी एकदा पुरे. जोडीला एक दोरी: पोटरीचा घेर पुरुषात ३४, बाईत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू झिजल्याचा संशय घ्यायचा.

खाण्याचं म्हणाल तर रेशनचं धान्य पोट भरतं, पुरेशी प्रथिनं पुरवत नाही. म्हातारपणी किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम लागतात, ५० किलोंना ५० ते ६०. दोन अंडी १२, पाव लिटर दूध आठ, मूठभर शेंगदाण्यांचे सात. दात नसतील तर शेंगदाण्याचं कूट, भाकरी वरणात कुस्करून. मूत्रपिंड बिघडलं असेल तर आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. जाड आजीला नुसतं 'कमी खा' सांगितलं की ती भाकरी ठेवते आणि दूध सोडते. तिची चहाची साखर, बिस्किटं आणि फरसाण कमी करा. दूध, डाळ राहू द्या, आणि रोज दहा वेळा हात न टेकता खुर्चीतून उठायला लावा. पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी उभं राहायला हवं.