खुलासा : स्पेसर लावल्यावर 'जुनेच स्टड चालतात' हे खरं नाही

कोल्हापुरातल्या गाडीवेड्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : "जुन्या पोर्श ९४४ ला उद्यमनगरात १५ मिमीची चकती कातून घ्या, आहे त्याच स्टडवर बसवा." कृपया असं करू नका. ही चकती म्हणजेच स्पेसर; ती चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) यांच्यामध्ये बसते. स्टड म्हणजे हबमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे, ज्यांवर चाकाचे नट चढतात.

चकती जितकी जाड, तितकी नटाची पकड कमी. स्टड १४ मिमीचा, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी, म्हणजे नट किमान नऊ-दहा फेरे चढायलाच हवा. त्यासाठी लांब स्टड लागतात. मधलं भोकही ७१.६ मिमीच्या हबवर नेमकं बसावं, नाहीतर स्टेअरिंग थरथरतं.

चकत्या कातणाऱ्या आपल्या उद्यमनगरातल्या लेथवाल्यांच्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्यांना दिलेलं मापच अपुरं असतं.

अ‍ॅडॉप्टर, म्हणजे स्वतःचे स्टड असलेली चकती, निराळा : तो हबला आवळायचा, चाक अ‍ॅडॉप्टरच्या स्टडवर. करूळ घाटात उतरण्याआधी अ‍ॅडॉप्टरचे आणि चाकाचे, दोन्ही नट टॉर्क पान्याने (नट किती जोराने आवळलाय हे मोजणाऱ्या पान्याने) तपासा.