बसते, पण चालत नाही

वायर भोकात बसली की काम झालं, हा मिक्सर-इस्त्रीच्या काळातला भाबडा समज आहे. मॉनिटरच्या बाबतीत वायर बसते, घट्ट बसते, आणि पडद्यावर 'नो सिग्नल'ची पाटी निवांत तरंगत राहते.

मी मुद्रितशोधन करते. जुन्या मॉनिटरला निळ्या तोंडाची व्हीजीए वायर होती. आयबीएमने १९८७ साली आणलेली ही पद्धत: १५ पिना आणि दोन बाजूंना दोन स्क्रू. ते एकदा पिळले की भूकंपात मॉनिटर पडेल, वायर सुटणार नाही. पण चित्र ॲनालॉग. आमच्याकडे तरी अक्षरांना किंचित सावली पडायची आणि अनुस्वार कुठला, धुळीचा कण कुठला, हे बोटाने पुसून ठरवावं लागायचं. शेवटी मुलाने बंगळूरहून २७ इंची फोर-के मॉनिटर पाठवला.

खोक्यातली एचडीएमआय वायर लॅपटॉपला लावली. लगेच चित्र आलं, अक्षरं तर कोरल्यासारखी! पण माउस हलवला की बाण जिना चढल्यागत धापा टाकत यायचा.

"आई, तुझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ दिसतंय," मुलगा फोनवर म्हणाला. "ते फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतं. ६० हवं तर २.० लागतं."

लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला. भोकाशेजारी 'एचडीएमआय' एवढंच. १.४ असो की २.०, भोक तेच, १९ पिनाही त्याच. छपाईला जाण्याआधी हे कुणा मुद्रितशोधकाच्या नजरेखालून गेलेलं नाही, एवढं नक्की.

तोवर आमच्या ह्यांनी माळ्यावरून वायरींची पिशवी खाली काढली होती. तिच्यात तीन व्हीजीए, पांढऱ्या तोंडाची एक डीव्हीआय आणि कधीच भंगारात गेलेल्या स्कॅनरची वायर निघाली. नव्या मॉनिटरला ह्यांतलं काहीच लागत नव्हतं. "हल्लीच्या वस्तूंना काही शिस्तच नाही," असं म्हणून ह्यांनी मॉनिटरलाच दोषी ठरवलं.

मुलाने मग डिस्प्लेपोर्ट नावाचं दुसऱ्या जातीचं भोक सुचवलं. मॉनिटरला ते होतं, लॅपटॉपला नव्हतं. वायर आणायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले. तिथे एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट अशी वायर टांगलेलीच दिसली. मी पर्स उघडली.

"कुठून कुठे जायचंय?" दुकानदाराने रिक्षावाल्याच्या सुरात विचारलं.

"लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला."

"मग नाही चालायची. काकू, ही वायर म्हणजे लक्ष्मी रोड, वन-वे. डीपीकडून, म्हणजे डिस्प्लेपोर्टकडून, एचडीएमआयकडे जाता येतं, उलटं नाही. उलटं जायचं तर वेगळा कन्व्हर्टर लागतो."

"पण दोन्हीकडे बसते की!"

"बसते. चालत नाही."

गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना वस्तू न देणारा दुकानदार पुण्यातच भेटतो, आणि ह्या एका बाबतीत मला पुण्याचा अभिमान वाटला. लॅपटॉपला टाइप-सी असेल तर त्यातून डिस्प्लेपोर्टला थेट जाता येईल, असंही त्याने सांगितलं. लगेच पुढचा बॉम्ब टाकला: "पण सगळ्या सीमधून चित्र येत नाही हां. काही नुसत्या डेटाच्या आणि चार्जिंगच्या असतात. शेजारची खूण बघून या."

घरी भिंग काढलं. कामात लागतं म्हणून माझ्याकडे असतं. बाकीची जनता काय करते देव जाणे. दोन सारखीच भोकं. एकाशेजारी त्रिशूळ, दुसऱ्याशेजारी वीज. फोटो काढून दुकानदाराला दाखवला. "वीज म्हणजे थंडरबोल्ट. त्यातून येणार," तो म्हणाला आणि एकदाची वायर दिली. "काढताना डीपीचा खटका दाबा. नुसती ओढलीत तर भोकासकट येईल."

लावली. सेटिंगमध्ये जाऊन ३० चे ६० केले. बाण सळसळत धावला, अनुस्वार हिऱ्यासारखा चमकला. त्याच आनंदात प्रकाशकांचा व्हिडिओ कॉल घेतला. त्यांचे ओठ हलत होते, आवाज शून्य. नव्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो म्हणे, आणि लॅपटॉपने तो इमानेइतबारे मॉनिटरकडे पाठवला होता. मॉनिटरला स्पीकरच नाहीत.

त्यांना मध्येच थांबवणं बरं दिसेना, म्हणून मी हसून मान डोलावत राहिले. कॉल संपल्यावर त्यांचा मेसेज आला: 'जुन्याच दरात बाराशे पानांचा कोश तपासून द्यायला इतक्या आनंदाने तयार झालात, आभारी आहे.'