‘वाकडी तलवार मागितली, सरळ दिली’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की मोठ्या पात्याची वाकडी तलवार मागितली असताना आम्ही सरळ, हलकी आणि बिनधारेची तलवार दिली, मूठ आवळ आहे, आठवड्याभरात पात्यावर तांबूस डाग पडले आणि ‘मराठ्यांची तलवार अशी नसतेच’. ठाण्यात जांभळी नाक्याला येणारी बाकीची गिऱ्हाइकंही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटचं आधी घेतो, कारण तेच मनाला लागलं. सरळ पात्याची धोप ही आपलीच. युरोपातून आलेल्या सरळ पात्यांना इथल्या कारागिरांनी मुठी चढवल्या आणि त्या तलवारींना फिरंग हे नाव पडलं. नागपूरकर रघुजी भोसल्यांची जी तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली, तिचं पातंही सरळ, एकधारी आणि युरोपी बनावटीचं आहे. वाकडं पातं कापायला उत्तम, कारण वार करताना ते ओढत जातं. घोडेस्वाराला ते सोयीचं. सरळ पात्याची अणी हाताच्या रेषेत राहते, त्यामुळे ती खुपसायलाही चालते आणि नवशिक्याला टोक कुठे आहे याचा अंदाज लवकर येतो. तुमचा मुलगा आठवीत आहे आणि मर्दानी खेळाच्या वर्गाला नुकताच जाऊ लागलाय, हे तुम्हीच दुकानात सांगितलंत. त्याच्या हाताचा विचार करून आम्ही तलवार काढली.

तुम्हाला आवडलेला तो रुंद पात्याचा तेगा मी मुद्दाम दिला नाही. तो भिंतीवर लावायचा माल आहे. त्याचं पातं स्टेनलेसचं, मुठीत जाणारं टोक बारीक आणि तेही वेल्डिंगने जोडलेलं. दिवाणखान्यात तो वर्षानुवर्षं टिकेल, पण जोरात फिरवला तर जोड तुटून पातं निसटू शकतं, आणि वर्गात समोर दुसऱ्याचं मूल उभं असतं. तुम्ही दुप्पट पैसे दिले असते तरी खेळायला तो दिला नसता. तुमच्या तलवारीचं पातं ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादातून घडवलेलं आहे. ते वाकून पुन्हा सरळ होतं. मूठ जुन्या पद्धतीप्रमाणे गरम राळ ओतून बसवली आहे आणि वर आडवा खिळा मारला आहे. राळ उष्णतेने मऊ पडते, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नका, एवढं लक्षात असू द्या.

वजनाचं म्हणाल तर हलकी म्हणजे खोटी हा समज आम्हाला रोज ऐकायला मिळतो. मणामणाच्या तलवारींच्या गोष्टी सगळीकडे फिरतात. पण वापरातल्या जुन्या तलवारी साधारण किलोभराच्या, फार तर थोड्या अधिक. त्याहून जड हत्यार दिवसभर कोण चालवणार? हातात घेतल्यावर वजन मुठीकडे राहतं की टोकाकडे ओढतं, ते पाहायचं. टोकाकडे ओढणारी तलवार मुलाच्या मनगटाचं नुकसान करते.

मूठ आवळ आहे, कारण ती तशीच असायला हवी. पुढची परज (हात वाचवणारी आडवी पट्टी) आणि मागची गोल गादी (मुठीच्या टोकाची चकती) यांच्यामध्ये पंजा पक्का बसतो. हातोडीसारखी धरून मनगटातून झटका मारला की गादी मनगटाला टोचते. हात खांद्यातून फिरवून वार ओढला की टोचत नाही. वस्तादांना विचारा, ते पहिल्या तासाला हेच दाखवतात.

धारेबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘बाजारात धारदार कोयता मिळतो, मग तलवारीलाच धार का नाही?’ कायदा उपयोग पाहतो. शेती आणि घरकामाची अवजारं वेगळी धरली आहेत. तलवार, भाला आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्र म्हणून नोंदली आहेत. शिवाय ठाणे पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, त्यांत तलवारीचं नाव असतंच. म्हणून आम्ही धार लावून देत नाही, आणि तुम्हीही बाहेरून लावून घेऊ नका. वर्गाला नेताना ती कापडात पूर्ण गुंडाळून, मोठ्या माणसासोबतच जाऊ दे.

तांबूस डाग हा गंज आहे. कार्बन पोलादाला तो धरतोच, त्यात आपली खाडीकाठची दमट हवा आणि हाताचा घाम. सरावानंतर पातं कोरड्या फडक्याने पुसायचं, मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि पावसाळ्यात तलवार म्यानात कोंबून ठेवायची नाही. मखमली म्यान आतून ओल धरतं.

दुकानात या. डाग आम्ही फुकट काढून देऊ. येताना मुलाला घेऊन या, म्हणजे त्याच्या पंज्याला मूठ कशी बसते ते पाहता येईल. लहान पडत असेल तर मोठ्या मुठीची, अगदी बेताच्या वाकाची तलवारही आहे, तिच्याशी बदलून देईन. बिल सोबत असू द्या. सोमवारी दुकान बंद असतं.