निरोगी राहायला पैसा लागत नाही म्हणे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जा, राग नाही.

आमच्या सोसायटीत (घोडबंदर रोड, टॉवर, क्लबहाउस, सगळा थाट) आज सकाळी ‘वेलनेस संडे’ होता. विषय, ‘आर्थिक संकटातही फिट कसे राहाल?’. बोलायला एक कोच आणले होते. पहिलंच वाक्य, ‘निरोगी राहायला पैसा लागत नाही, इच्छाशक्ती लागते.’ टाळ्या. मग, ‘नोकरी गेली? अभिनंदन! आता तुमच्याकडे स्वतःसाठी वेळच वेळ आहे.’ परत टाळ्या. मागच्या रांगेत आमच्याच विंगमधला एक जण बसला होता. ऐरोलीची त्याची नोकरी दिवाळीनंतर गेली, हे अर्ध्या हॉलला ठाऊक आहे. तोही टाळ्या वाजवत होता. न वाजवून करतो काय बिचारा?

मला मात्र तिथे बसल्या बसल्या आईचा अडकित्ता दिसायला लागला.

जुन्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे, मी किसननगरची. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत फिटर होते. नव्वदच्या दशकात वागळेत एकेक शटर खाली येत होतं, त्यात बाबांच्या कंपनीचंही आलं. पगार गेला तो गेलाच. पण कामगार विम्याचं कार्ड होतं ना, तेही काही महिन्यांनी निकामी झालं. वर्गणी थांबली की सवलत थोडे दिवस रेंगाळते आणि मग संपते. आईची बीपीची गोळी तोवर कामगार हॉस्पिटलातून फुकट यायची, ती आता नाक्यावरच्या मेडिकलमधून विकत घ्यायची वेळ आली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. घरातला पैसा ज्या दिवशी आटतो, नेमका त्याच सुमाराला औषधाला पैसा लागायला लागतो.

आईने यावर उपाय काढला. आजीचा सुपारीचा पितळी अडकित्ता होता, त्यात गोळी धरायची आणि कट्. अर्धी आज, अर्धी उद्या. ताटलीत जो पांढरा भुगा सांडायचा तो बोटाने टिपून जिभेवर. कुणाला पत्ता नाही. आम्हाला वाटायचं, सुपारी कातरतेय.

आता मला सांगा, कोचसाहेब, या बाईकडे इच्छाशक्ती कमी होती का हो?

काटकसर घरात कुठून सुरू होते हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, मी नव्याने सांगायला नको. आधी फळं जातात. मग दूध अर्धा लिटरवर येतं. मग वरण पातळ होतं. जांभळी नाक्याला भाजी घ्यायला रात्री उशिरा जायचं, कारण उठताना भाजीवाल्या वाटा लावून टाकतात. आणि या सगळ्याच्या आधी, कुणाला न सांगता, घरातल्या बाईचं औषध जातं. मुलाचं खोकल्याचं औषध थांबत नाही, नवऱ्याचं शुगरचं थांबत नाही. तिचं मात्र ‘मला काय धाड भरलीय’ म्हणून थांबतं. तंबाखू-गुटख्याला पैसे असतात आणि गोळीला नसतात अशीही घरं आहेत, मान्य. सगळीच तशी नसतात. पुढे.

मध्येच कोचने क्युबा काढलं. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर 1991 नंतर तिथे इतकी तंगी आली की पेट्रोल मिळेना, लोक सायकलवर आले, खाणं घटलं, वजनं उतरली आणि हार्ट अटॅक-डायबिटीसचे मृत्यू कमी झाले. ‘बघा, संकट हे वरदान आहे!’ घरी येऊन वाचलं. खोटं नाहीये ते, मृत्यू कमी झाले होते. पण त्याच तंगीत, 1992-93 च्या आसपास, तिथल्या 50,000 हून जास्त लोकांच्या नसांवर परिणाम झाला. कुणाची नजर अंधुक झाली, कुणाचे हातपाय बधिर झाले. पोटात पुरेसं अन्न नाही, बी जीवनसत्त्वं नाहीत. मग सरकारने घरोघर जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या तेव्हा साथ आटोक्यात आली. वाटल्या, हं. फुकट. आणि डॉक्टर गल्लीगल्लीत होता, तोही फुकट. त्या देशाच्या राजवटीबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण हा भाग स्लाइडवर का नव्हता?

चालणं फुकट आहे, हो. सूर्यनमस्कारही फुकट. उपवन तलावाला चकरा मारायला कुणी तिकीट लावलेलं नाही. मी स्वतः रोज चालते. पण अडकित्त्याने तोडलेल्या गोळीची उरलेली अर्धी मात्रा चालण्याने भरून निघत नाही. आईची गोळी अटेनोलॉल होती. नंतर डॉक्टरांनी तिला ओरडून सांगितलं की ही एकदम सोडली तर बीपी उलट उसळतं, छातीवर येतं. आणि काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात, त्या तर तोडायच्याच नसतात. हे क्लबहाउसमध्ये सांगितलं असतं तर दोन-चार जणांच्या कामी आलं असतं. पण नाही, आम्हाला कृतज्ञतेची डायरी लिहायला सांगितली.

बरं, आई पकडली गेली कशी? घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं मेडिकलवाल्या कच्छी भाईंच्या. स्ट्रिप चौदा गोळ्यांची. पंधरवड्याला येणारी बाई महिन्याने यायला लागली. एक दिवस गल्ल्यावरून म्हणाले, ‘वहिनी, चौदा दिवसाचा माल महिना चालते कसा?’ आई म्हणाली, ‘विसरते हो भाऊ कधीकधी.’ भाईंनी काही न बोलता लांबट लाल वही काढली, आमच्या बाबांचं नाव लिहिलं आणि दोन स्ट्रिपा पुढे सरकवल्या. ‘आता नाय विसरायचा.’ बाबांना नंतर त्यांनीच सांगितलं. उधारी फेडायला बराच काळ गेला, व्याज नाही, तगादा नाही.

आई अजून आहे. परवाच माझ्याशी भांडली.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. बाबांचंही सांगते. कंपनी बंद झाल्यावर ते दाढी करेनासे झाले. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचे, दुपारीसुद्धा. तेव्हा याला डिप्रेशन वगैरे कुणी म्हणत नव्हतं, ‘खचलाय’ म्हणायचे. चाळीतल्या पोरांनी त्या वर्षी काय केलं असेल? गणपती मंडळाचा खजिनदार केलं त्यांना. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याच्या ताब्यात वर्गणीची पेटी! दुसऱ्या दिवशी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडले. त्यांची झोप, भूक, सगळं हळूहळू मार्गावर आलं. आज असा कुणी तुमच्या आसपास खचलेला असेल आणि बोलायला माणूस नसेल, तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, तो त्याला द्या. पण शक्य असेल तर त्याला पेटीही द्या.

चाळीचं गुणगान करून टॉवरला शिव्या घालायच्या नाहीत मला. चाळीत संडासाची रांग होती, भांडणं होती, टीबी होता. पण तिथे दोन दिवस कुणाच्या घरचा स्टोव्ह पेटला नाही तर कळायचं. इथे माझ्या मजल्यावर कुणाची नोकरी गेली हे मला मेंटेनन्सच्या थकबाकीच्या यादीवरून कळतं. तीही लिफ्टमध्ये चिकटवलेली, फ्लॅट नंबरासकट. ही यादी लावणारी कमिटी आणि वेलनेस संडे ठेवणारी कमिटी एकच आहे, बरं का! त्या यादीपुढे उभं राहून कुणाचं बीपी नॉर्मल राहील?

परत चिडले.

लेक्चरनंतर तो विंगमधला मुलगा (माझ्यापेक्षा लहान म्हणून मुलगा, नाहीतर चाळिशी गाठलीय) लिफ्टमध्ये हळूच म्हणाला, ‘ताई, कंपनीचा मेडिक्लेम महिनाअखेर संपतोय. आईबाबा त्यातच होते.’ तीस वर्षांनी तीच गोष्ट. तेव्हा कामगार विम्याचं कार्ड होतं, आता कंपनीचं. नोकरी गेली की आरोग्याची छत्री आपोआप मिटते. त्याला जे सांगितलं ते इथेही लिहिते. कव्हर संपायच्या आत त्याच विमा कंपनीला पत्र टाकून ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचार, नंतर हात चोळत बसू नकोस. वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेलाय, तेवढाच हातभार. आणि आईबाबांची रोजची औषधं डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घे, बरीचशी निम्म्याहून कमी भावात पडतील.

‘सरकारी योजना आहेत की’ असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. आहेत. महात्मा फुले योजनेत रेशनकार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, चांगली योजना आहे, आमच्या कामवाल्या मावशींच्या नवऱ्याची अँजिओप्लास्टी त्यातच झाली. पण ती ॲडमिट झाल्यावर. म्हणजे अटॅक टाळायची रोजची गोळी खिशातून घ्या, अटॅक आला की पाच लाख हजर. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, हेही खरं. मावशींना तिथे जायचं तर अर्धा दिवस रांगेत जातो आणि दोन घरांचा खाडा पडतो. खाड्याचे पैसे आपण कापतो. आपणच, मी नाव घेत नाही, पण हे वाचणाऱ्या निम्म्या जणी कापतात. नका ना कापू. औषधाच्या दिवसाचा तरी नका.

आत्ताच सेक्रेटरींना मेसेज टाकलाय. एक, लिफ्टमधली ती यादी काढा, थकबाकीची नोटीस बंद पाकिटात द्या. दोन, पुढच्या वेलनेस संडेला कोचच्या मानधनाचे पैसे मेडिकलवाल्याकडे जमा करा आणि एक वही ठेवायला सांगा. सोसायटीतला कुणीही, वॉचमन आणि मावशी धरून, अडचणीत असेल तर त्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्या वहीत लिहायच्या. नाव फक्त मेडिकलवाल्याला माहीत. मी माझे 2,000 आजच टाकतेय. सेक्रेटरींचं उत्तर आलं, ‘मॅडम, एजीएममध्ये विषय घेऊ.’ सोबत हात जोडलेला इमोजी.

एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, सप्टेंबरात असते. तोवर वही मीच सुरू करतेय. आमच्या सोसायटीतल्या कुणाला पैसे टाकायचे असतील तर इनबॉक्समध्ये या. आणि खाली ‘बी पॉझिटिव्ह’ कुणी लिहिलंत तर सरळ ब्लॉक करीन, सख्खी चुलत बहीण असलीस तरी.